१८६१ च्या इंग्लिश पोशाखाची अंतर्वस्त्रं घरी शिवते आहे : कॉर्सेट पाठीत वर फाकतं, मदत हवी

सुईदोरा:

नमस्कार. प्रश्न लांब आहे. शिवणातली अडचण मापांशिवाय सांगितली तर उत्तर देणाऱ्याला नुसता अंदाज बांधावा लागतो, म्हणून सगळं लिहिते.

आमचा हौशी नाट्यगट एक नाटक बसवतो आहे. काळ १८६१, स्थळ लंडन. नायिकेचा पोशाख माझ्याकडे आला. शिवण मला नवं नाही. आईच्या पायमशीनवर बसायला लागले तेव्हा माझे पाय खाली नीट टेकतही नव्हते, आता साठीला आले. पण या काळातलं काही कधी शिवलं नव्हतं, आणि सुरुवातच चुकली. मी थेट वरचा झगा कापला. घागऱ्याचा घेर साडेतीन मीटर, कमरेला बारीक निऱ्या, बॉडिस, म्हणजे झग्याचा कमरेवरचा भाग, अगदी मापात. नायिका करणाऱ्या मुलीच्या अंगावर चढवला तर घागरा ओल्या चादरीसारखा पायांना लपेटला आणि बॉडिसला छातीखाली घड्या पडल्या. दोन दिवस मी तो झगा टांगून त्याच्याकडे बघत होते. मग कळलं, की त्याला स्वतःचा आकारच नाही. आत जे असेल त्यावर तो बेतलेला असतो. झगा घडी करून कपाटात ठेवला आणि अंगाला लागणाऱ्या पहिल्या कपड्यापासून पुन्हा सुरुवात केली.

गटातले लोक विचारतात, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या कपड्यांवर एवढा वेळ कशाला? त्यांना मी तो झगा काढून दाखवते.

आता कुठवर आले ते सांगते.

शेमीज, म्हणजे सगळ्यात आतला सैल सदरा, पूर्ण झाली. पातळ सुती कापड, पन्हा ९० सेंटिमीटर. पुढचा आणि मागचा भाग एकाच लांब तुकड्यात, खांद्यावर नुसती घडी. वर रुंदी कमी लागते आणि खाली जास्त, म्हणून वरच्या बाजूने तिरपा काप घ्यायचा, निघालेली त्रिकोणी कळी उलटी करायची आणि खाली जोडायची. बाही म्हणजे आयत. काखेत चौकोनी कळी. गळ्याला पट्टी. कापणी संपली तेव्हा टेबलावर उरलेलं कापड माझ्या मुठीत मावलं. इतकी वर्षं मी गोलाई काढून कापते आणि चिंध्यांची पिशवी भरते. इथे मात्र कापड महाग होतं आणि कुणीतरी फार विचार करून ते बेतलं होतं, हे कापाकापाला जाणवत होतं. सगळी शेमीज हाताने शिवली. दोन कडा पुढेमागे ठेवून धावदोरा घालायचा, पाचसहा टाक्यांनंतर एक उलटा टाका घ्यायचा, मग आखूड कड छाटून लांब कड तिच्यावर दुमडायची आणि बारीक टाक्यांनी बसवायची. आतून-बाहेरून कुठेच कच्ची कड दिसत नाही. १९ संध्याकाळी लागल्या, आणि त्या फार चांगल्या गेल्या.

दुसरा कपडा ड्रॉवर्स. गुडघ्याच्या थोडे खाली येतात, शेवटी झालर. पॅटर्नमध्ये दोन्ही पाय सुटे दाखवलेत, फक्त कमरपट्टीत जोडलेले. मला वाटलं, एक शिवण छापायची राहून गेली. मी मधली शिवण घातली आणि पक्की करून टाकली. परवा तालमीत त्यावर कॉर्सेट (ताठ पट्ट्यांची, पाठीत नाडीने आवळायची चोळी) चढवलं, तासाभराने मुलीला बाथरूमला जायचं होतं आणि कमरपट्टी कॉर्सेटखाली अडकलेली. पाठीची सगळी नाडी सोडावी लागली. ती बिचारी रडवेली झाली आणि मला फार वाईट वाटलं. तर ही शिवण उसवायची का? खरोखरच ते असे उघडे असत का?

तिसरं कॉर्सेट, आणि खरी अडचण इथे आहे. चाचणीसाठी मांजरपाटाच्या दोन थरांत शिवलं. समोर पोलादी बस्क, म्हणजे कॉर्सेट पुढून उघडायची-मिटायची ताठ पट्टी, बाकी १४ पट्ट्या, जाड प्लास्टिक केबल टाय कापून केलेल्या, ९ मिलिमीटर रुंद. मुलीची शेमीजवरून घेतलेली मापं: छाती ८८, कंबर ६८, कमरेखाली १२ सेंटिमीटरवर ८६. कॉर्सेट पूर्ण मिटवलं तर त्याच जागी ७९, ६१ आणि ८२ भरतं. नाडी आवळल्यावर पाठीतली फट वर ९, कमरेवर ५, खाली ४ सेंटिमीटर. म्हणजे पाठीत उलटा डोंगर दिसतो. कमरेवर आडव्या सुरकुत्या पडतात. डाव्या काखेखाली एका पट्टीचं टोक टोचतं. जाड कापड अजून कापलेलं नाही, धीर होत नाही.

शेवटचा प्रश्न. गटातली एक मैत्रीण म्हणते की व्हिक्टोरियन म्हणजे सगळं हातानेच हवं, मशीन लावलं तर खोटं. प्रयोगाला सात आठवडे आहेत. कॉर्सेट हाताने शिवायचं म्हटलं तर माझी बोटं साथ देतील असं वाटत नाही.

——

अंगुस्तान:

सुईदोराताई, कापड कापलं नाहीत हे फार बरं केलंत. मी नाटकांसाठी कपडे शिवते, कॉर्सेट वीसेक तरी केली असतील. पहिल्या तिघांची पाठ तुमच्यासारखीच फाकली होती.

फट वर जास्त म्हणजे वरचा घेर अपुरा, एवढा साधा अर्थ आहे. कमरेवरची ५ सेंटिमीटर फट मात्र बरोबर आहे, ती तशीच राहू द्या. कॉर्सेट पाठीत पूर्ण मिटायचं नसतंच. वरपासून खालपर्यंत दोन्ही कडा समांतर राहिल्या आणि मध्ये चारपाच सेंटिमीटर उरले की काम झालं. तुमचा हिशोब बघा. कॉर्सेटची कंबर ६१, त्यात फट ५, म्हणजे मुलीची कंबर ६६ वर आली. ६८ वरून ६६. तिला फार काही आवळलेलं नाही. संग्रहालयातलं जुनं कॉर्सेट मिटवून मोजायचं आणि "बायकांची कंबर एवढीशी असायची" म्हणायचं, ही चूक याच फटीमुळे होते. कंबर बारीक दिसायची ती बरीचशी खालच्या भल्यामोठ्या घेरामुळे आणि वरच्या उतरत्या खांद्यांमुळे.

तर वर तुम्हाला ४ सेंटिमीटर हवेत, प्रत्येक बाजूला २. पण बाजूच्या शिवणीत सरळ घालून मोकळ्या होऊ नका. जिथे अंगाला जागा हवी आहे तिथे ते गेले पाहिजेत. चाचणीचं कॉर्सेट मुलीला घाला, नाडी आवळा, आणि जिथे कापड ताणलेलं दिसतं तिथे वरून कमरेच्या दिशेने सरळ कात्री चालवा. अंगाजवळ कात्री नेताना आत जाड पुठ्ठा सरकवा. कापड आपणहून फाकेल. फाकलेल्या जागेखाली चिंधी ठेवून टाचण्या लावा. पाठीतल्या कडा समांतर झाल्या की थांबा. ती चिंधी म्हणजेच तुमच्या नव्या पाचरीचं माप. १८६० च्या आसपासच्या कितीतरी कॉर्सेटना छातीला आणि नितंबावर अशा त्रिकोणी पाचरी असतच, तेव्हा काळाशीही विसंगत होणार नाही. माझा अंदाज, तुमच्या मुलीला पुढे जास्त लागेल आणि पाठीच्या फऱ्यापाशी थोडं.

आडव्या सुरकुत्यांची तीन कारणं असू शकतात आणि तिन्ही तपासा. पहिलं, मांजरपाट ताणतो. चाचणीला ठीक, पण सगळा दोष मापाला देऊ नका. खऱ्या कॉर्सेटला कुतिल मिळालं तर उत्तम. घट्ट विणीचं, हेरिंगबोन पोताचं, खास याच कामासाठी विणलेलं कापड आहे ते. नाही मिळालं तर न ताणणारं दाट सुती ड्रिल घ्या. दुसरं, मुलीच्या कमरेला नाडी बांधा आणि काखेपासून त्या नाडीपर्यंतचं अंतर मोजा. कॉर्सेटमध्ये तेच अंतर जास्त असेल तर जादा कापड कमरेवर गोळा होणारच. तिसरं, आणि बहुतेक हेच असावं, तुम्ही कमरेची फीत घातलेली दिसत नाही. दोन थरांच्या मध्ये, नेमकी कमरेवर, २ सेंटिमीटर रुंदीची न ताणणारी सुती फीत बस्कपासून पाठीच्या आयलेटपर्यंत (नाडी ओवायच्या भोकांपर्यंत) जायला हवी. नाडीचा सगळा ओढ ती सोसते. ती नसेल तर कापड सोसतं, आणि ताणलं जातं.

आयलेटच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी आहे ना? पाठीच्या कडेला एक, मग आयलेटची रांग, मग दुसरी. तिथे मात्र केबल टाय नको, चपटं पोलाद घाला, नाहीतर नाडी ओढली की कड धनुष्यासारखी वाकते. आयलेटची भोकं कात्रीने कापू नका. आरीने धागे बाजूला सारून भोक पाडा, धागे शाबूत राहिले तर आयलेट उपटून येत नाही. धातूचे आयलेट तुमच्या काळात चालतात. १८२० च्या दशकाच्या अखेरीपासून ते वापरात आहेत. समोरून उघडणारा बस्कही. १८२९ मध्ये पॅरिसच्या जोसलँ यांनी तो काढला, आणि एकट्या बाईला दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय कॉर्सेट घालता-काढता येऊ लागलं. माझ्या मते कॉर्सेटच्या इतिहासात ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. नाडीही तशीच ओवा. वरून खाली आणि खालून वर, आणि कमरेवर दोन लांब फासे ठेवा. ते फासे ओढले की आधी कंबर आवळते, वर-खाली आपोआप बसतं.

टोचणारं टोक: नेफ्यापेक्षा पट्टी ६ मिलिमीटर आखूड हवी. टोक गोल कापून, ज्योतीजवळ धरून गुळगुळीत करा. मग नेफ्याच्या तोंडाशी जाड दोऱ्याने पंख्यासारखे टाके घाला. जुन्या कॉर्सेटवर रंगीत रेशमाची ही नक्षी दिसते, ती मुळात पट्टी कापडातून बाहेर येऊ नये म्हणूनच.

केबल टायबद्दल कुणी नाक मुरडलं तर ऐकू नका. त्या काळचं "व्हेलबोन" म्हणजे हाड नव्हेच. व्हेलच्या तोंडातल्या गाळणीसारख्या पट्ट्या, आपल्या नखांच्याच द्रव्याच्या. अंगाच्या उबेने मऊ होऊन त्या शरीराचा आकार घेतात. जाड प्लास्टिकचं वागणं त्याच्या बरंच जवळ जातं. उलट आज बाजारात मिळणारी स्पायरल पोलादी पट्टी विसाव्या शतकातली आहे, १८६१ मध्ये ती नव्हती.

मुलीला पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज थोडं थोडं वाढवत घालू द्या. संवाद म्हणताना श्वास पोटातून नाही, बरगड्यांतून घ्यावा लागतो, त्याची सवय तालमीतच व्हायला हवी. आणि मोजे-बूट कॉर्सेटच्या आधी. नंतर वाकता येत नाही.

——

पांढरी घडी:

ड्रॉवर्सचं मी सांगते. ताई, पॅटर्न बरोबर आहे, शिवण उसवा. व्हिक्टोरियन ड्रॉवर्स खरोखरच मधून उघडे असत, दोन पाय फक्त कमरपट्टीत एकत्र येत. कारण तुम्ही स्वतः अनुभवलंत. कमरपट्टी कॉर्सेटच्या खाली, वर क्रिनोलिन (घागरा फुगवणारा कड्यांचा पिंजरा), त्यावर पेटीकोट, त्यावर झगा. खाली ओढायला जागाच नाही. दोन्ही कडांना भरपूर कापड असतं, त्या एकमेकींवर येतात, वरून शेमीज गुडघ्यापर्यंत असते, म्हणून उघडं वाटतही नाही. बंद ड्रॉवर्स सर्रास झाले ते पुढे, वरचे थर कमी झाल्यावर. तुमच्या मुलीला संकोच वाटला तर आत आजची चड्डी घालू दे, प्रेक्षकांना काय कळणार.

उसवल्यावर कड कच्ची राहील. तिला आतून अरुंद पट्टी लावा, आणि उघडी बाजू जिथे संपते त्या टोकाला छोटा त्रिकोणी तुकडा आडवा शिवा. सगळा ताण तिथे येतो आणि पहिलं तिथेच फाटतं. कापड कमी पडलं तर ठिगळ लावा, खुशाल दिसू द्या. तुमचं साल १८६१ आहे. त्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापसाची आवक आटली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या पुढची चार वर्षं हाल काढत राहिल्या. सुती कापड महागलेल्या त्या दिवसांत ठिगळ लावलेले ड्रॉवर्स हीच घराघरातली खरी गोष्ट.

शेमीजबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून फार आनंद झाला. तिचं काम मात्र एवढंच नाही. कॉर्सेट धुवायचं नसतं, त्यातलं पोलाद गंजतं. घाम शेमीज पिते, आणि शेमीज उकळत्या पाण्यात टाकून धुता येते. म्हणून ती पांढरी, साधी, आणि एक नाही तर डझनाने शिवलेली. लग्नाच्या वेळी मुलगी सहा किंवा बारा शेमीज, तेवढेच ड्रॉवर्स घेऊन जाई, आणि प्रत्येकावर लाल दोऱ्याने फुलीच्या टाक्यात किंवा न पुसणाऱ्या शाईने नावाची अक्षरं आणि क्रमांक असे. धुण्यातून परत आल्यावर मोजता येत आणि क्रमाने वापरले की सगळे सारखे झिजत. व्हिक्टोरिया राणीच्या अंतर्वस्त्रांवरही मुकुट आणि तिची आद्याक्षरं आहेत. तुम्हीही एक खूण घाला ना. कुणाला दिसणार नाही, पण मुलीला घालताना दिसेल.

आणि कापड घ्यायला जाल तेव्हा एक गंमत लक्षात ठेवा. इंग्रज बाई तिच्या अंतर्वस्त्रांचं कापड ज्या नावांनी मागायची ती नावं आपल्याला ओळखीची आहेत. नेनसुक म्हणजे आपलं नैनसुख. मल म्हणजे मलमल. कॅलिको हे कालिकत बंदरावरून. मॅडापोलम हे आंध्रातल्या नरसापूरजवळच्या एका गावाच्या नावावरून, आणि ते कापड खास आतल्या कपड्यांसाठीच वापरत. तोवर विणायला लागल्या होत्या लँकेशायरच्या गिरण्या, पण नावं तीच राहिली. मला नैनसुखाची शेमीज शिवताना दर वेळी हे आठवतं.

कापण्याआधी गरम पाण्यात धुवा, हे तुम्हाला सांगायला नको.

——

उलटी टीप:

मशीनच्या प्रश्नावर माझं स्पष्ट मत आहे. १८६१ साठी मशीन खोटं नाही. एलियस हाव यांचं पेटंट १८४६ चं, सिंगर यांचं १८५१ चं. १८६१ पर्यंत कॉर्सेटच्या कारखान्यांत मशीनची टीप सर्रास होती, कारण कॉर्सेट म्हणजे लांबच लांब सरळ शिवणी आणि पट्ट्यांचे नेफे, मशीनला याहून सोयीचं काम नाही. शेमीज-ड्रॉवर्ससारखं पांढरं शिवण मात्र घरात बराच काळ हातानेच चालू राहिलं. इंग्लंडात १८६२ च्या सुधारित नियमावलीनुसार सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांना मुलींना साधं शिवणकाम शिकवणं बंधनकारक होतं. लहान लहान पोरी बाहुलीएवढ्या मापाची शेमीज शिवून टाके गिरवत.

म्हणजे तुम्ही नकळत अगदी त्या काळासारखंच केलंत. शेमीज हाताने, आता कॉर्सेट मशीनवर करा. टाका २ मिलिमीटरपेक्षा मोठा ठेवू नका, त्या वेळची टीप आजच्यापेक्षा बारीक असायची. दोरा सुती, झिगझॅग कुठेही नको. कडा झाकायच्या तर पट्टीनेच झाका. आणि पट्ट्यांचे नेफे शिवताना आधी एका चिंधीवर पट्टी सरकवून रुंदी तपासा. ९ मिलिमीटरच्या पट्टीला ९ मिलिमीटरचा नेफा पुरत नाही, मी दोन वेळा सगळे नेफे उसवले आहेत.

ड्रॉवर्सच्या कमरपट्टीच्या चुण्या मात्र मशीनवर करू नका. हातांनी दोन ओळी धावदोरा, ओढून गोळा करायचं, सुईच्या टोकाने एकेक चुणी विंचरल्यासारखी सरळ करायची आणि एकेक चुणी वेगळ्या टाक्याने पट्टीला बसवायची. फरक हाताला कळतो. कॉर्सेटखाली जाड गोळा राहत नाही.

——

वेतकाठी:

कॉर्सेटबद्दल वर आलंच आहे, मी फक्त पुढच्या थराचं सांगतो, कारण मूळ तक्रार घागरा पायांना चिकटण्याची होती. क्रिनोलिन ठरवलं आहे का? १८५६ मध्ये पोलादी कड्यांच्या पिंजऱ्याला पेटंट मिळालं, त्याआधी हाच फुगीरपणा खळ घातलेल्या पाचसहा पेटीकोटांनी किंवा घोड्याच्या केसांच्या कापडाने आणावा लागे. म्हणजे पिंजरा आल्यावर बाईच्या अंगावरचं ओझं कमी झालं. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

तुमच्या साडेतीन मीटरच्या घागऱ्याला सगळ्यात खालचं कडं २ मीटर ८० ते ३ मीटर पुरे. ते जमिनीपासून वीसबावीस सेंटिमीटर वर ठेवा, त्याखाली गेलं तर पाय कड्यात अडकतो आणि नटी रंगमंचावर आपटते. पुढचा भाग चपटा, फुगीरपणा मागे. उभ्या फिती आठ तरी घ्या. पिंजऱ्यावर किमान एक पेटीकोट हवाच, नाहीतर झग्यातून कड्यांच्या रेषा दिसतात. बसताना मागचं कडं किंचित उचलून बसायचं, हे तिला दहा वेळा करायला लावा.

आणि एक कळकळीची विनंती. नाटकात मेणबत्ती किंवा शेकोटी असेल तर ज्योत खरी ठेवू नका. त्या काळी क्रिनोलिनला आग लागून खूप बायका होरपळून मेल्या. बाईला स्वतःच्या झग्याचा काठ कुठे पोचला आहे हे कळत नाही, आणि आतली हवा आग भडकवते.

——

सुईदोरा:

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवडे गप्प होते, कारण शिवत होते.

अंगुस्तानताई, पुठ्ठा सरकवून कात्री चालवली तेव्हा माझा हात थरथरत होता. कापड पुढे दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर फाकलं आणि फऱ्यापाशी अर्धा-अर्धा. तुमचा अंदाज तंतोतंत. पाठीच्या कडा समांतर झाल्या तेव्हा मुलीने आरशात बघितलं आणि म्हणाली, "आता हे मला धरून ठेवतंय, आधी दाबत होतं." सुरकुत्यांचं कारण फीतच निघालं. कमरेचं अंतरही सेंटिमीटरभर जास्त होतं, तेही काढलं. खरं कॉर्सेट राखाडी ड्रिलमध्ये केलं, मशीनवर, टाका पावणेदोन मिलिमीटर. पट्ट्यांच्या टोकांना पिवळ्या दोऱ्याचे पंखे घातले, त्यावर मात्र चार दिवस गेले.

ड्रॉवर्सची शिवण उसवली. एका बाजूला कापड कमी पडलं, तिथे शेमीजच्या उरलेल्या त्या मुठीतल्या तुकड्यातलं ठिगळ लावलं.

क्रिनोलिनला कडी सहा. सगळ्यात खालचं २ मीटर ९०. मुलगी पहिल्यांदा दारातून गेली तेव्हा कडं चौकटीला घासलं आणि आपोआप तिरकं होऊन निघालं. तिने वळून पाहिलंही नाही. नाटकात दिवाणखान्यात मेणबत्ती होती. ती आता विजेची आहे.

परवा एक गोष्ट केली. १८८१ मध्ये लंडनमध्ये रॅशनल ड्रेस सोसायटी स्थापन झाली, बायकांच्या जड आणि आवळणाऱ्या कपड्यांविरुद्ध. तिचं म्हणणं होतं की बुटांशिवाय आतल्या कपड्यांचं वजन ७ पौंडांपेक्षा जास्त नसावं. म्हणून मी माझे कपडे वजनकाट्यावर ठेवले. शेमीज २१० ग्रॅम, ड्रॉवर्स १९०, कॉर्सेट ५६०, त्यावरचं कव्हर ११०, क्रिनोलिन ६४०, पेटीकोट ४८०. एकूण २ किलो १९०, म्हणजे पाच पौंडांच्याही आत. मग हिवाळ्यात त्या बायका घालत तसा लोकरी फ्लॅनेलचा एक पेटीकोट वाढवला. तो ५२० ग्रॅम. तरी सहा पौंडांच्या आत. पिंजऱ्याशिवाय हाच घेर पेटीकोटांवर पेलायचा म्हटला असता तर काटा कुठे गेला असता, हे आता मला हाताला कळतं. वेतकाठी, तुमचं म्हणणं पटलं.

काल जुना झगा कपाटातून काढला आणि या सगळ्यावर चढवला. बॉडिस दोन ठिकाणी आत घ्यावं लागलं. घागऱ्याला हातही लावला नाही. तीच कापणी, त्याच निऱ्या.

शेमीजच्या खालच्या काठाजवळ लाल दोऱ्याने मुलीची अक्षरं काढली आणि पुढे १ हा आकडा. ती म्हणाली, एक म्हणजे दुसरीही येणार ना? कापड धुऊन वाळत घातलं आहे. पांढरी घडी, या वेळी नैनसुखच आणलंय. एवढं पातळ आहे की चपट्या शिवणीची दुमड ५ मिलिमीटरची ठेवू की आणखी बारीक करू?

——

पांढरी घडी:

४ करा. आणि सुई बदला, १० नंबरची घ्या.